धावजीची हाक

आडखिंडीला रस्ता नव्हता, घड्याळ नव्हतं आणि कुणाला कसली घाईही नव्हती, त्या काळातली ही गोष्ट. ज्यांनी ती डोळ्यांनी पाहिली ते गेले, ज्यांनी त्यांच्या तोंडून ऐकली तेही गेले. आता ती आपल्यापाशी आली आहे, तेव्हा नीट सावरून बसा. मधेच कुणी उठलं तर मला पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते, आणि दर वेळी ती थोडी लांबते.

आडखिंड हे डोंगराच्या कुशीतलं लहानसं गाव. गावाच्या डोक्यावर खिंड. खिंडीपलीकडे भाताची खाचरं, खाचरांना लागून देवदरीचं रान, आणि रानाच्या मागे भिंतीसारखा उभा म्हातारकडा. भाताची कापणी झाली की खाचरांत सांडलेले दाणे टिपायला रानकोंबडे दरीतून वर येत. तेव्हापासून शिमग्यापर्यंत गावातले गडी शिकारीला जात. कुणाकडे ठासणीची बंदूक, कुणाकडे फासे, कुणाकडे नुसतीच काठी आणि भरपूर बढाया.

देवदरीचं धुकं मात्र वाईट होतं. बघता बघता ते असं दाटायचं की स्वतःचा हात स्वतःला दिसू नये. म्हणून गावानं एक नेम केला होता. खिंडीत खिंडजाई देवीचं ठाणं, तिच्यापुढे एक सपाट खडक. शिकारीला जाणाऱ्यानं आपल्या शेताच्या बांधावरचा एक दगड आणायचा आणि त्या खडकावर ठेवायचा. परत आल्यावर तोच दगड उचलून गावाच्या बाजूला भिरकावायचा आणि म्हणायचं, "आलो." खडकावर दगड उरला, तर माणूस आत उरला. मग राखणदारानं त्याला हाक मारून बाहेर काढायचं.

धावजी हा त्या खिंडीचा राखणदार. त्याचा बापही राखणदार होता, आजाही होता. शेवटचा दगड उचलला जाईपर्यंत खिंड सोडायची नाही, हे त्या घरात पोरांना चालायच्या आधी शिकवत.

धावजीच्या हाकेबद्दल काय सांगावं! तो खिंडीत उभा राहून "होऽऽ" म्हणाला की पलीकडच्या खोऱ्यातलं वासरू मान वळवायचं, असं म्हणतात. वाहता ओढा पळभर थांबून ऐकायचा, असंही म्हणतात, पण ओढ्याचं मी काही शपथेवर सांगणार नाही. एवढं मात्र खरं की धुक्यात हरवलेला माणूस त्या आवाजाला दोरीसारखा धरून वर यायचा. त्या दोरीनं धावजीनं तापानं फणफणलेल्यांना आणलं, पाय मोडलेल्यांना आणलं, आणि भांडून जीव द्यायला गेलेल्या एकाला तर शिव्या देत देत आणलं. पुढे कुणाच्या तरी बंदुकीचा बार अगदी जवळ उडाला आणि त्याचा गावाकडचा, डावा कान कायमचा गेला. धावजी म्हणाला, गेला तर गेला, मला रानाकडचा कान पुरे.

आणि मग हळूहळू असं व्हायला लागलं, की खडकावर दगड कमी दिसायला लागले.

आधी धावजीला वाटलं, आपली नजर कमी झाली. त्यानं खडकावर हात फिरवून पाहिलं. दगड खरंच कमी होते. बरं, पाखरं कमी झाली म्हणावं, तर तसंही नव्हतं. उलट खाचरांत रानकोंबडे असे ऐटीत हिंडत होते, जणू सातबारा त्यांच्याच नावावर आहे. पाखरं वाढली आणि शिकारी घटले, हे गणित धावजीला काही केल्या सुटेना.

"आगं, ही समदी जातात कुटं?" तो बायकोला, ठमाबाईला विचारायचा.

"जातात कुटं म्हंजी? घरीच हायती," ठमाबाई म्हणायची.

"घरी? कोंबड्याच्या दिसात?"

त्याच्या मनाला ते पटेना. तो दारोदार विचारत फिरला. कुणी म्हणालं, घाटाखाली मिठाच्या बैलांबरोबर जातो. कुणी म्हणालं, सासरा आजारी आहे. कुणी नुसतंच "येऊ की, येऊ" म्हणालं आणि दुसरंच काही बोलू लागलं. खरं सांगायचं तर कुणाला धड असं कारणच नव्हतं. एकानं सोडलं, दुसऱ्याला एकट्यानं जायचा कंटाळा आला, तिसऱ्याच्या घरात उबदार होतं. पण हे त्या म्हाताऱ्याच्या तोंडावर कोण सांगणार? शिकार सोडल्याचं नुसतं नाव काढलं की त्याचा चेहरा असा पडायचा की समोरच्यालाच चोरी केल्यासारखं वाटायचं. धावजी प्रत्येक घरातून आणखीच गोंधळून परत यायचा. आपल्या हातून कुणी आत तर राहिलं नाही ना, ही भीती त्याला दिवसा-उजेडी वाटायला लागली.

सुभाना नावाचा एक गडी तेवढा नेमानं शिकारीला जात होता. माणूस मनाचा फार मऊ. त्याला धावजीकडे बघवेना. म्हणून त्यानं एक युक्ती केली. येसबा हा त्याचा मित्र. त्याचा गुडघा धरला होता आणि त्यानं शिकार सोडली होती, पण लाजेपायी धावजीला सांगितलं नव्हतं. येसबाच्या शेतातला दगड तांबडा. आख्ख्या गावात तसला दगड दुसऱ्या बांधावर नाही. सुभानानं येताना येसबाच्या बांधावरचा एक तांबडा दगड उचलून आणला आणि भल्या सकाळी, धुक्यात, आपल्या काळ्या दगडाशेजारी ठेवला.

"येसबा आला व्हय?" धावजीनं दगड चाचपत विचारलं.

"आलाय की. म्होरं गेला बिगीबिगी," सुभाना म्हणाला.

धावजीचा चेहरा उजळला. त्यानं ठमाबाईला घरी गेल्यावर दोनदा सांगितलं की येसबा आला होता. धावजी माणसांची तोंडं बघत नसे, धुक्यात तोंडं फसवतात. तो दगड बघायचा, कारण तोवर त्या खडकावर कधी कुणी खोटा दगड ठेवला नव्हता. सुभाना मग रोजच तसं करू लागला. जाताना दोन दगड ठेवायचे, येताना दोन फेकायचे, आणि आवाज थोडा बदलून दोनदा "आलो" म्हणायचं. त्यात कुणाचं काय वाईट होणार होतं?

एके दिवशी सुभानाला कोंबडा मिळाला. कितीतरी दिवसांनी मिळाला, आणि असा झुपकेदार शेपटीचा की गावात आधी कुणाला दाखवू आणि कुणाला नको, असं त्याला झालं. एका हातात कोंबडा, दुसऱ्या हातात बंदूक. त्यानं बोटांच्या चिमटीत कसाबसा आपला काळा दगड उचलला, फेकला, "आलो" म्हणाला आणि पळत सुटला.

खडकावर तांबडा दगड राहिला.

धावजी वाट बघत बसला. ऊन कलतं झालं. बाकीचे आले, दगड फेकून गेले. दरीतून धुकं वर चढायला लागलं. धावजी उठला, रानाकडे चांगला कान करून उभा राहिला आणि त्यानं हाक मारली. "येसबा होऽऽ!"

आता ऐका. येसबाचं घर खिंडीच्या अगदी पायथ्याशी. तो ओसरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होता. धावजीची हाक कानावर आली आणि जन्माच्या सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "ओऽऽ!"

तो ओ वर गेला. धावजीचा गावाकडचा कान बंद, त्यामुळे तो त्याला ऐकूच आला नाही. तसाच खिंड ओलांडून, रानावरून जाऊन म्हातारकड्यावर आपटला आणि दरीच्या पोटातून परत आला. तो मात्र धावजीला लख्ख ऐकू आला. येसबाचाच आवाज, आणि रानातून.

"हिकडं ये! माझ्या हाकंनं ये!" धावजी ओरडला.

"ओऽऽ!" कड्यानं सांगितलं.

येसबाची बायको म्हणाली, "आवो, वर जावा की. म्हातारं घसा फोडतंय."

"सकाळी जातो. आत्ता गेलो तर इचारंल, शिकारीला का आला न्हाईस. काय सांगू?" येसबा म्हणाला आणि पुढच्या हाकेला बसल्या जागेवरून पुन्हा ओ दिला. म्हाताऱ्याला तेवढंच बरं वाटेल, असं त्याला वाटलं.

धावजी मात्र घामाघूम झाला. आजवर असं कधी झालं नव्हतं. हाक दिली की आतला आवाज जवळ यायचा. थोडा थोडा का होईना, जवळ यायचा. हा आवाज आहे तिथेच होता. पाय अडकला असेल? मग तसं सांगत का नाही? नुसताच ओ का देतो?

दिवे लागायच्या वेळेला ठमाबाई भाकरी घेऊन वर आली. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला.

"आवो, येसबा घरी हाय! आत्ता त्याच्या दारावरनं आले मी. गुडघ्याला तेल चोळत बसलाय."

"मग ह्यो दगड कुणाचा?"

ठमाबाईनं दगड पाहिला. तांबडा होता. तीही घोटाळली.

"तू थांब," धावजी म्हणाला. "ऐक." आणि त्यानं हाक मारली.

दरीतून ओ आला. ठमाबाईच्या अंगावर काटा उभा राहिला, कारण तिचे दोन्ही कान चांगले होते आणि तिला तो ओ पाठीमागून एकदा आणि समोरून एकदा, असा दोनदा ऐकू आला.

धावजीनं तांबडा दगड पुन्हा चाचपून पाहिला. बायको कधी खोटं बोलली नव्हती. दगडही कधी खोटं बोलला नव्हता. त्याला काहीच कळेनासं झालं. म्हातारा माणूस, पण हरवलेल्या पोरासारखा तिच्याकडे बघून म्हणाला, "तू म्हणतीस ते खरं आसंल. येसबा घरी आसंल. पण मग आत ओ देतोय तो कोण?"

"कुणी का असंना! तुमी घरी चला."

"ज्यो कुणी हाय त्यो, हाकंला ओ देतोय. ओ देणाऱ्याला आत ठेवून मी घरी कसा येऊ?"

त्यानं भाकरी खिंडजाईपुढे ठेवली, कमरेच्या कनवटीतून आपल्या बांधावरचा एक पांढरा दगड काढून तांबड्या दगडाशेजारी ठेवला, घोंगडी खांद्यावर टाकली आणि तो खाचरं ओलांडून रानात शिरला. ठमाबाईनं त्याचं धोतर धरलं होतं, असं म्हणतात. ते तिच्या हातातून कसं सुटलं, ते तिला पुढे कधीच सांगता आलं नाही.

ती रडत ओरडत खाली धावली. येसबा लंगडत वर आला. सुभाना आला आणि तांबडा दगड बघून कपाळ बडवत म्हणाला, "ह्यो मीच ठेवला व्हता." सगळं गाव खिंडीत जमलं. आतून धावजीची हाक येत होती. "येसबा होऽऽ!"

"बाबाऽ! मी हितं हाय! हितं!" येसबा जीव तोडून ओरडला.

म्हातारकड्यानं ते झेललं आणि रानाच्या पार टोकातून फेकलं: हितं हाय, हितं हाय. धावजीची पुढची हाक आणखी आतून आली. येसबा रडत आणखी मोठ्यानं ओरडला, गाव ओरडलं, आणि प्रत्येक ओरडण्याबरोबर धावजी आणखी दूर जात राहिला. ते आधी ठमाबाईच्या ध्यानात आलं. तिनं पुढे होऊन येसबाच्या तोंडावर हात दाबला.

"गप ऱ्हावा! समदी गप ऱ्हावा! त्यास्नी आत वढू नगा!"

आख्खं गाव गप्प उभं राहिलं. लहान पोरंसुद्धा रडायची थांबली. पण ज्याच्या हाकेच्या दोरीनं सगळे वर आले, त्याला वर आणायला कुणाच्या हातात दोरी नव्हती. आतून हाक आली, मग बारीक हाक आली, मग धुकं आलं.

उजाडल्यावर खिंडीपलीकडच्या खाचरांत जेवढे गडी उतरले, तेवढे शिकारीला कधीच उतरले नव्हते. सासरा आजारी असलेले आले, मिठाचे बैल सोडून आले, येसबा काठी टेकत आला. धावजीनं डोळे भरून बघावं असा तो दिवस होता, आणि तोच बघायला नव्हता. त्यांनी देवदरी विंचरून काढली. एका करवंदीच्या जाळीखाली त्याची घोंगडी सापडली. ती नीट पसरलेली होती आणि तिच्यावर रानकोंबडी पिलं घेऊन बसली होती. माणसं एवढी जवळ आली तरी उठली नाही. सुभानानं बंदूक तिथल्या तिथे खाली ठेवली आणि पुन्हा कधी उचलली नाही.

धावजी मिळाला नाही. पण त्या सकाळी कड्याच्या पलीकडून दोन माणसं बोलत चालल्यासारखा आवाज येत होता, असं म्हणतात. एक धावजीचा होता, हे सगळ्यांनी ओळखलं. दुसरा येसबासारखा होता, आणि येसबा तर त्यांच्यात उभा राहून ऐकत होता. म्हणजे आत खरंच कुणी होतं का? गाव तेव्हाही गोंधळलं होतं. मलाही आजवर उमजलेलं नाही, तुम्हाला उमजलं तर मला सांगा.

आता आडखिंडीत रानकोंबडा कुणी मारत नाही. पण कापणी झाली की एक दिवस घराघरातला माणूस आपल्या बांधावरचा दगड घेऊन खिंडीत जातो. दुसऱ्याचा दगड कुणी आणत नाही, आजारी भावाचाही नाही. खाचरं ओलांडून सगळे रानाच्या कडेला जातात, परत येतात, दगड फेकतात आणि म्हणतात, "आलो, धावजीबाबा." खडकावर एक पांढरा दगड राहतो. ठमाबाईनं तो कुणाला हलवू दिला नव्हता, आणि तिच्यामागेही कुणी हलवलेला नाही.

आणि परक्या माणसाला त्या गावाची आणखी एक गोष्ट खटकते. तुम्ही कधी गेलात आणि एखाद्याला नाव घेऊन हाक मारलीत, तर तो ओ देणार नाही. लहान पोरगंही देणार नाही. आधी वाटतं, काय उर्मट गाव आहे! पण थोडं थांबायचं. दूध काढत असला तरी तो चरवी खाली ठेवतो, गुडघा दुखत असला तरी उठतो, चालत येतो आणि तुमच्या समोर येऊन उभा राहतो. तुम्ही त्याला नीट बघेपर्यंत तो तिथून हलत नाही.