गोदाकाकूची जीभ आणि पारिजातकाची परी

"...आणि मग त्या परीनं म्हणे गोदाकाकूची जीभ..."

एवढंच ऐकू आलं आणि नळाला पाणी आलं. झालं! बायका हंडे घेऊन धावल्या आणि परीनं त्या जिभेचं काय केलं ते राहिलं तिथंच. कापली? बांधली? साखरेत घोळवली? माझ्या जिवाला चैन पडेना. गोदाकाकू म्हणजे माझ्या अगदी शेजारच्या. मी काही कुणाच्या घरात डोकावत नाही हो मुलांनो, पण माझी खिडकीच त्यांच्या ओसरीसमोर उघडते, तिला मी काय करू? तर मी पाहिलेलं थोडं आणि रेवूनं सांगितलेलं बरंच, असं मिळून सांगते. ऐका.

रेवू म्हणजे एवढीशी पोर. विटका झगा, अनवाणी पावलं, पण डोळे कसे, तर ओंजळभर पाण्यात चांदणी उतरावी तसे. आई-बाबा देवाघरी गेलेले, काका लांबच्या गावी कामाला. घरात ती आणि गोदाकाकू. दिवसभर झाडलोट, भांडी, पापडाचं पीठ कुटणं. रेवू कधी कुरकुरली नाही. तिला हवी असायची फक्त दिवेलागणीची वेळ. कोनाड्यात आईची चिमुकली पितळी समई होती. ती लावायची, पुढं मांडी घालून बसायचं, डोळे मिटायचे आणि आईचं गाणं म्हणायचं:

"दिवा लाविला दारात, ज्योत हलते वाऱ्यानं..."

एवढीच ओळ येत होती बिचारीला. तीच पुन्हा पुन्हा, घुंगुरासारख्या आवाजात. आणि आतून काकू कडाडायच्या, "पुरे गं पुरे! आली मोठी देवभक्तीण! तेल काय आभाळातून पडतं? उद्या पुन्हा हे रडगाणं काढलंस ना, तर तो कोनाडाच मातीनं लिंपून टाकते!"

एकदा रेवू कुंपणाशी आली आणि मला म्हणाली, "मावशी, देवाजवळ बसलं की राग जातो ना? माझा तर तिथंच येतो."

"अगं, माझंही दूध नेमकं देवापुढं बसले की उतू जातं," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

एका रात्री कोनाडा लिंपायच्या धमकीनं तिला झोप कुठली! पहाटे, आभाळ अजून दुधाळ निळं होतं, तेव्हाच ती परडी घेऊन ओढ्याकाठच्या बागेत गेली. तिथं पारिजातकाचं झाड आहे. बाकीची फुलं खाली पडली की देवाला चालत नाहीत, पण पारिजातकाची मात्र पडलेलीच वेचायची. गवतावर पांढऱ्या-केशरी चांदण्यांचा नुसता सडा! रेवू एकेक फूल अलगद उचलत होती. तेवढ्यात एक फूल हातात घेतलं, आणि ते शिंकलं!

"अगंबाई, हळू! मी फूल नाही!"

इवलीशी परी! पांढरा शुभ्र घागरा, केशरी पावलं, आणि एका पंखाला कोळ्याचं जाळं चिकटलेलं. धडपडत होती बिचारी. रेवूनं गवताची काडी घेऊन, फुंकर घालत, एकेक धागा सोडवला. पंख झुळझुळला आणि सोनेरी धूळ रेवूच्या नाकावर उडाली.

परी म्हणाली, "देवाचं फूल हुंगायचं नाही, हे कुणी शिकवलं तुला? नशीब माझं! हुंगली असतीस तर गेलेच असते मी तुझ्या नाकात!"

रेवू खुदकन हसली. "काकूनं शिकवलं."

"बरं, तर माग काहीतरी."

"काकूची जीभ गोड कर!" रेवू एका दमात म्हणाली.

परीनं मान हलवली. "नाही गं सोन्या. दुसऱ्याच्या मनावर, दुसऱ्याच्या जिभेवर माझी कांडी चालत नाही. मागायचं ते स्वतःसाठी. आणि दिलेलं नको झालं, तर परत देऊन दुसरं मागता येईल. पण एकदाच हं!"

रेवूनं विचार केला. "मग काकूचं ओरडणं मला ऐकूच येऊ देऊ नकोस."

टिंग! कांडी तिच्या कानांना लागली.

त्या दिवशी घर कसं शेवाळी पाण्याच्या तळासारखं शांत. चिमण्या ऐकू येत, ओढा ऐकू येई, काकू मात्र नाही. दिवेलागणीला रेवूनं समई लावली. ज्योत पिवळी, निळी, पुन्हा पिवळी. तिनं गाणं सुरू केलं. आता कसं, नुसता आनंद!

पण सहज तिनं डोळे उघडले. दारात काकू उभ्या होत्या, हातात ओल्या मातीचं घमेलं. तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज नाही, म्हणून रेवूनं पहिल्यांदाच नीट चेहरा पाहिला. काकूंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. पदर ओला झाला होता.

रेवू उठली आणि धावत सुटली, थेट पारिजातकाशी. कळ्या नुकत्या उमलायला लागल्या होत्या. "परीताई! घे हे परत! काकू रडतेय गं, आणि का ते मला ऐकू येत नाही!"

"परत ते ओरडणं सोसशील?"

"सोसण्याएवढं बळ दे. तेच माझं दुसरं मागणं."

परीनं तिच्या छातीवर कांडी टेकवली. उबदार उजेड आत उतरला.

घरी आली तर काकू ओसरीवर बसून ओरडतच होत्या, "गेलीस कुठं मेले, दिवा तसाच टाकून? घर पेटलं असतं म्हणजे?"

पूर्वीची रेवू कोपऱ्यात गेली असती. ही रेवू काकूंच्या मांडीला मांडी लावून बसली. "काकू, तू रडत होतीस. का गं?"

"मी कशाला रडू?" काकूंनी पदरानं नाक पुसलं. मग घमेल्यातल्या मातीकडं बघत म्हणाल्या, "रोज मेली तीच ती एक ओळ! तुझी आई आणि मी जावाजावा, जात्यावर बसून म्हणायचो. ती एक ओळ, मी पुढची. ती गेल्यापासून माझी ओळ माझ्या गळ्यात अडकून बसलीय. तू तिची म्हणतेस आणि थांबतेस. जीव तुटतो गं माझा!"

"मग म्हण ना तुझी."

रेवूनं हळूच सुरू केलं, "दिवा लाविला दारात, ज्योत हलते वाऱ्यानं..."

काकूंनी घमेलं बाजूला सारलं. मी तर खिडकीत श्वास धरून. आणि मग एक घोगरा, गंजलेला आवाज आला:

"घर उजळू दे देवा, तुझ्या एका रे ताऱ्यानं."

त्या क्षणी समईच्या ज्योतीत पांढरा घागरा भिरभिरला. मी पाहिला, शप्पथ! केशरी पावलं गिरकी घेत वर गेली, ओसरी सोन्यासारखी झळाळली, आणि परी त्या उजेडातच विरून गेली. मागं उरली कोनाड्यात पारिजातकाची ओंजळभर ताजी फुलं. आणि ती माती? त्या मातीचा काकूंनी समईखाली छानसा ओटा घातला.

तर परीनं काकूंची जीभ गोड केली, असं गावात म्हणतात. अर्धंच खरं हो! परीनं जिभेला हातही लावला नाही. ती गोड होते फक्त दिवेलागणीला, गाण्यापुरती. एरवी मिरची ती मिरचीच. कालच तिन्हीसांजेला माझ्या घरापर्यंत आवाज आला:

"रेवे! कुठं उंडारतेस गं भवाने? समईत तेल घालून कधीची बसलेय मी! ये लवकर, पहिली ओळ तुझी आहे!"