वाकलेल्या महाराजांचं माप

महाराज व्यंकटरावांच्या हनुवटीला टेंगूळ आलं आणि गणोबा जीनगर कोठडीत गेला!

त्याचं असं झालं. एका अमेरिकन पाहुण्यानं करंजवडे संस्थानात बेसबॉलचं खूळ आणून सोडलं. महाराजांना चेंडू काही मारता येईना, म्हणून ते अंपायर झाले. तिथं तरी कुणी वाद घालणार नव्हतं! पण अंपायर उभा असतो मारणाऱ्याच्या पाठीमागं, गुडघ्यांवर हात टेकून, वाकून. हुकलेला चेंडू यायचा तो थेट त्याच्याच अंगावर. म्हणून खोगिरं शिवणाऱ्या गणोबानं कापूस ठासून चामड्याची बंडी शिवली. माप घेतलं दरबारात, महाराज ताठ उभे असताना. मग काय! मैदानात महाराज वाकले, बंडी वर सरकली, तिची कड गळ्याशी अडकली, तोंड झालं आभाळाकडे आणि आलेला चेंडू दिसलाच नाही.

गणोबाची लेक अंबू दरबारात धावली. "महाराज, आबांना सोडा! अंपायरचं माप तो वाकलेला असतानाच घ्यायला हवं."

"वाकून?" महाराज कडाडले. "करंजवड्याचा राजा कुणापुढं वाकत नाही! आठ दिवसांत नवी बंडी आण. तोंडाला जाळीही हवी. वाकल्यावर कुठं बोचता कामा नये. आणि मापासाठी आम्हांला वाकायला सांगायचं नाही! जमलं नाही, तर तू नि तुझा बाप, दोघंही संस्थानाबाहेर!"

"जमवते की!" अंबू म्हणाली. दिवाणजींना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी महाराज दिवाणजींना घेऊन नदीकाठी फिरायला गेले. बघतात तर दोन बायका चिंध्यांच्या चेंडूवरून हमरीतुमरीवर आलेल्या! एक अंबूची शेजारीण काशी, दुसरी काशीची जाऊ. जावेच्या हातात धुण्याचं धोपाटणं.

"चेंडू गुडघ्याच्या वर होता, म्हणजे स्ट्राइक! तू हुकलीस!" काशी ओरडली.

"खाली होता! डोळे फुटले का तुझे?" जाऊ ओरडली.

महाराजांना कुठलं राहवतंय! "थांबा! न्याय आम्ही देतो. टाक परत!" असं म्हणून ते जावेच्या मागं गेले आणि झक्क वाकले.

काशीनं एक टाकला, दहा टाकले. चेंडूवर नजर लागली की शेजारून हत्ती गेला तरी महाराजांना कळायचं नाही, तिथं अंबूची काय कथा! ती झुडपामागून दोरी घेऊन आली. हनुवटी ते कंबर, एक गाठ. खांदा ते खांदा, दुसरी. कपाळ ते हनुवटी, तिसरी. दिवाणजींनी ओरडायला तोंड उघडलं. अंबूनं हात जोडले. टेंगळापायी महाराजांचं कण्हणं ऐकून दिवाणजींचे कान किटले होते. ते मुकाट्यानं आभाळ बघू लागले.

आठव्या दिवशी महाराजांनी भर दरबारात जाळी आणि बंडी चढवली. बंडी कमरेच्या वर वीतभर आखूड! दरबारी उपरण्यात तोंड लपवून हसू लागले.

"पोरी, ही बंडी आहे की तान्ह्या बाळाचं झबलं?"

"उभं राहून कुणी अंपायर होतं का, महाराज?"

"आम्ही वाकणार नाही!"

"मी कुठं वाका म्हणते? काशीवहिनी, टाका!"

दारातून खराखुरा चेंडू सणसणत आला. महाराजांचे हात आपोआप गुडघ्यांवर! बंडी अंगाला चपखल बसली, गळा मोकळा, नजर समोर. चेंडू जाळीवर ठण्णकन आदळला. महाराजांना ओरखडासुद्धा नाही!

"स्ट्राइक!" महाराज आनंदानं ओरडले. मग एकदम भानावर आले. "अगं, भर दरबारात राजाला वाकवलंस?"

"छे, महाराज! जाळीत तोंड कुणाचं, ते दिसतंय कुणाला? वाकला तो अंपायर. राजाला वाकताना कुणी पाहिलं असेल, तर त्यानं पुढं यावं!"

कोण येतो पुढं! दिवाणजी म्हणाले, "मी तर छत बघत होतो."

जाळीतून खो खो हसू आलं. महाराज इतके हसले, की त्यांना बंडीचे बंद सुटेनात. गणोबा त्याच घटकेला सुटला. अंबूच्या हातात सोन्याचं कडं आलं.

"आणखी काय हवं ते माग!"

"पुढच्या वेळी आबांसमोर मापाला स्वतःहून वाका, महाराज."

"कबूल!" महाराज म्हणाले. "पण जाळी घालून!"