पाठमोरा नाच

ही फार फार जुनी गोष्ट, राजे घोडा सोडून पायी गावं बघत फिरायचे तेव्हाची.

डोंगराच्या कुशीत एक पाडा होता. घरं जेमतेम वीस, पण मधलं खळं असं सारवलेलं की राजवाड्याच्या फरशीने लाजावं. भात झोडून झालं की त्याच खळ्यावर नाच व्हायचा. भोपळ्याचा लांबलचक तारपा फुंकणारा मधोमध उभा राही आणि त्याच्याभोवती सगळा पाडा फेर धरी. जिवली म्हातारी या नाचाची म्होरकी. एरवी तिचे गुडघे कुरकुरत, पण तारपा वाजला की म्हातारी गुडघ्यांचं ऐकून घ्यायची नाही.

हे खळं दरबारच्या नृत्यगुरूंच्या मनात भरलं. त्यांना नृत्यशाळा बांधायची होती. पाड्यातले लोक नुसत्या उड्या मारतात, जागा फुकट जाते, असं त्यांनी राजाच्या कानावर घातलं. राजा म्हणाला, स्वतः बघून ठरवू. नाच असेल तर खळं पाड्याचं, उड्या असतील तर तुमचं.

हे जिवलीच्या कानावर आलं. तिची आई, तिची आजी, सगळ्या ज्या मातीवर नाचल्या ती माती जाणार? तिने पाड्याला बजावलं, रोज नाचतो तसंच नाचायचं, उगाच नखरे नकोत.

ठरल्या दिवशी राजा आला, गुरूही आले. गुरू काही लबाड नव्हते बरं का, फक्त फार शिकलेले होते. त्यांनी राजाला समजावलं की कोळी वल्ही मारल्यासारखे नाचतात, धनगर ढोलावर रुमाल उडवत नाचतात, दरबारातले नर्तक डोळ्यांनी आणि बोटांनी अख्खी गोष्ट सांगतात. पण नाच कुठलाही असो, त्यात पाच गोष्टी हव्यातच. अंग, ताल, जागा, जोर आणि भाव.

तारपा घुमला. बायांनी, गड्यांनी एकमेकांच्या कमरेत हात घातले आणि फेर फिरू लागला. गुरू प्रामाणिकपणे एकेक गोष्ट पाहत गेले. अंग लवत होतं. ताल चुकत नव्हता. फेर मोठा होई, लहान होई, म्हणजे जागेचं भान होतं. टाचा अशा पडत की राजाच्या पायाखालची जमीन हादरे, तेव्हा जोराबद्दल तर बोलायलाच नको. मग मात्र त्यांनी हात वर केला. "भाव कुठे आहे? मला नुसत्या पाठी दिसतायत. यांना महाराजांकडे तोंड करून नाचायला सांगा."

फेर थांबला. सगळे जिवलीकडे बघू लागले. नुसतं वळलं की खळं वाचत होतं. एकदाच वळू या की, असं तिची सून कुजबुजलीही. पण पाड्याची रीत होती, तारप्याला पाठ दाखवायची नाही. ज्याच्या श्वासावर आपण नाचतो, त्याच्याकडेच पाठ कशी करायची?

जिवलीने मान ताठ केली. "महाराज, तारप्याकडे पाठ आम्ही देवासाठीसुद्धा केली नाही. तोंडं बघायची असतील तर आत या."

गुरूंनी कपाळाला हात लावला. राजाने मात्र जोडे काढले.

जिवलीने आपल्या आणि सुनेच्या मधे त्याला जागा दिली. राजाचं पाऊल दोनदा चुकलं, दोन्ही वेळा कमरेतल्या हातांनी त्याला सावरून घेतलं. मग त्याने मान वर केली आणि तो बघतच राहिला. कुणी हसत होतं, कुणाचे डोळे भरून आले होते, तारपेवाल्याचे गाल टम्म फुगले होते, आणि फेरातला प्रत्येक जण समोरच्याकडे बघत नाचत होता. राजाला त्या क्षणी आपल्या प्रजेचा फार अभिमान वाटला.

"गुरुजी," तो धापा टाकत म्हणाला, "तुमची पाचवी गोष्ट इथे आत आहे. या."

गुरू आले. जन्मभर एकटं नाचलेला माणूस तो, कमरेत दोन हात आले तेव्हा आधी अवघडला. पण फेर सुटला तेव्हा त्यांनी वाकून खळ्याची माती कपाळाला लावली. खळ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही.

नृत्यशाळा पुढे नदीकाठी झाली. नवा शिष्य आला की गुरू त्याला पहिला महिनाभर पाड्यावर धाडत. जिवली त्याला फेरात ओढी आणि ऐटीत सांगे, "लाजू नकोस रे, तुझ्या गुरूलाही मीच धरून नाचवलंय."

तर मंडळी, बाहेर उभं राहून जिची नुसती पाठ दिसते, त्या कलेला नावं ठेवण्याआधी एकदा आत शिरून तिचं तोंड बघावं.