पारणखारचा वाकडा बांध

हा बांध इथे असा का वाकला आहे, हे विचारणारे तुम्ही पहिले नाही. दोन्ही बाजूंनी सरळ येतो, मध्येच गावाच्या दिशेने पोट आत घेतो आणि खाडीला एवढी मोठी जागा सोडून देतो. सोडलेल्या जागेत तिवरं वाढली आहेत. भरतीला पाणी येतं, ओहोटीला जातं. तुमच्यासारखे पाहुणे इथे उभे राहतात, डोळे मिटून लांब श्वास घेतात आणि म्हणतात, माणूस आणि निसर्ग इथे किती एकोप्याने राहतात. मला त्याचा राग येतो, आणि तो गिळायचं माझं वय आता राहिलेलं नाही. हा एकोपा कसा आला ते ऐकून घ्या, मग हवे तेवढे श्वास घ्या.

फार जुनी गोष्ट. तेव्हा चौलच्या बंदरात पार चीनची जहाजं येत, असे सांगतात. त्यांतल्या एका जहाजाने तापाने फणफणलेला एक माणूस किनाऱ्यावर उतरवला आणि शीड उभारून निघून गेलं. तो पडत-झडत आमच्या खाडीपर्यंत आला. त्याला नाव होतं, पण आमच्या पूर्वजांनी ते शिकायचे कष्ट घेतले नाहीत. ते त्याला चिना म्हणत.

गावाच्या टोकाला बामी नावाची विधवा राहायची. खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून पोट भरायची. तोंडाची फटकळ, त्यामुळे तिच्या वाटेला सहसा कोणी जात नसे. तिने त्याला घरात घेतलं, पेज पाजली, आणि तो हिंडूफिरू लागला तेव्हा गावासमोर सांगितलं की हा माझा धर्माचा भाऊ. तिच्या माहेरचं कोणी उरलं नव्हतं. या परक्या माणसाच्या रूपाने तिला पुन्हा माहेर मिळालं.

चिखलात चालायला तिनेच त्याला शिकवलं. खाडीच्या चिखलात पाय रुतला की नवखा माणूस जोर लावतो आणि आणखी रुततो. "जोर नको लावू, भावा," ती सांगायची, "पाय सैल सोड, मंग चिखल सोडतंय." त्यावर तो खूप हसला म्हणे. त्याच्या मुलखात डोंगरावर बसलेले म्हातारे हेच शिकवत, फक्त त्यांना चिंबोऱ्या मिळत नसत. त्या शिकवणीला ते ताओ म्हणत, म्हणजे वाट. प्रत्येक गोष्टीला तिची वाट असते, ती ओळखावी, उगाच आडवं येऊ नये, आणि जिथे काही केल्याने बिघडतं तिथे हात आवरावा. बामीला यात नवं काही वाटलं नाही. असं न वागणारी माणसं मात्र तिला गावभर दिसत होती.

तेव्हा हा बांध सरळ होता. गावचा पुढारी जोमा पाटील याने दोरी लावून तो घालून घेतला होता, आणि खाडीचा एक जुना फाटा त्या दोरीखाली बुजवला होता. बुजवलेल्या जागेत गावातलं सगळ्यांत कसदार शेत तयार झालं. ते जोमाच्या वाट्याला आलं, हे वेगळं सांगायला नको. पण मोठं उधाण आलं की बांध बरोबर तिथेच फुटायचा. बांध फुटून पडलेल्या त्या खिंडाराला आम्ही खांड म्हणतो. खांड पडली की सगळे पुरुष धावत, चिखल, दगड, फांद्या, हाताला येईल ते कोंबत. कोंडलेलं पाणी फुगायचं आणि दुप्पट बांध घेऊन आत शिरायचं. मग सबंध गावाचं भात खाऱ्या पाण्याने करपायचं. वर्षामागून वर्षं हेच चाललं.

चिन्याने हे पाहिलं आणि त्याच्या मोडक्यातोडक्या बोलीत सांगितलं, "पाणी इथं झोपायचं. तुम्ही त्याच्या अंथरुणावर बसलात. थोडं मागं सरा." गोष्ट सरळ होती आणि सगळ्यांना कळली. पण मागे सरायचं म्हणजे जोमाचं शेत खाडीला द्यायचं. तेव्हा जोमाने भगताला बोलावलं. भगताने दाणे टाकून सांगितलं की बांध माणूस मागतोय, आणि तो परमुलखाचा हवा. मी आयुष्यभर अशा कथा ऐकत आलो आहे. बांधाला, पुलाला, किल्ल्याला, सगळ्यांना माणूस लागतो. आणि दर वेळी ज्याच्यामागे रडायला कोणी नाही नेमका तोच कसा लागतो, हे मला कोणी सांगितलेलं नाही.

पिठोरी अमावास्येचा दिवस होता. आदल्या उधाणात पडलेली खांड तशीच उघडी होती, आणि दुपारी पुन्हा मोठं उधाण येणार होतं. बामी सकाळीच खाडीच्या पलीकडच्या तोंडाला गेली होती. पुरुषांनी चिन्याला हात बांधून खांडीत उभं केलं आणि चिखल ओढायला सुरुवात केली. तो कमरेपर्यंत गाडला गेला होता तेव्हा बामी पोहोचली. टोपली टाकून ती खांडीत उतरली. तिने नावं घेऊन एकेकाचा उद्धार केला. कोणाच्या बाळंतपणात ती धावली होती, कोणाच्या मढ्याला तिने पाणी पाजलं होतं, सगळं काढलं. शरमेने पुरुषांनी फावडी खाली टाकली.

बस, एवढंच केलं. जोमा ओरडत होता तरी त्यांनी चिन्यावर आणखी माती टाकली नाही. आणि त्याला काढायलाही एक माणूस पुढे झाला नाही. सगळे बांधावर उभे राहून पाहत राहिले. बामी एकटी हातांनी उकरत होती. ओला चिखल ती काढी तेवढाच पुन्हा आत येई.

तो शांत होता, असे सांगतात. त्या शांतपणाचाच तिला सगळ्यांत जास्त राग आला. "अरं, ओरड की," ती म्हणाली. "तू गप हायस म्हनून यांना सोपं जातंय."

"ओरडायचं काम तुझं," तो म्हणाला. "पाणी आलं. वर जा. त्यांना सांग, आता खांड बुजवू नका. पाणी जिथं थांबेल तिथं बांध घाला."

ती वर गेली नाही. पाणी गळ्याशी आलं तेव्हा गावातल्या बायका धावत आल्या आणि त्यांनी तिला केसांना धरून ओढून काढलं. त्याला काढता आलं नाही.

त्या दिवशी कोणी खांड बुजवली नाही. कोणाचा हातच उठला नाही. पाणी आत आलं, जोमाच्या शेतावर पसरलं, आपल्या जुन्या फाट्यात भरलं आणि थांबलं. बाकी एकाही शेताला ते शिवलं नाही. ओहोटी लागल्यावर जमिनीवर गाळाची एक वाकडी रेघ उरली. बामीने तिवराच्या काठ्या तोडल्या आणि रेघेवरून चालत त्या रोवत गेली. तिची नखं निघाली होती.

"माझं शेत जातंय," जोमा म्हणाला. "राग पान्यावर काढ, माझ्यावर कशाला?"

"पान्यावर माझा राग नाय," बामी म्हणाली. "पान्यानं पान्याचं काम केलं. भावानं हात आवरायला सांगितलं व्हतं. तुमी हात झटकलात. तो बुडत व्हता तवा तुमचे हात कुठं व्हते?"

पुरुषांनी फावडी उचलली आणि तिच्या काठ्यांवर बांध घातला. तो त्यानंतर तिथे कधी फुटला नाही, म्हणे. बामीने मरेपर्यंत कोणाला माफ केलं नाही, आणि तिने करावं असं मलाही वाटत नाही.

आजही पिठोरीच्या भरतीला पारणखारचे पुरुष या वळणावर रिकाम्या हातांनी उभे राहतात. पाणी आत येऊन थांबेपर्यंत बायका समोर उभ्या राहून एकच प्रश्न विचारतात, तवा तुमचे हात कुठं व्हते? उत्तर द्यायची चाल नाही.

तुम्ही उतरलात त्या रिसॉर्टवाल्यांनी या वळणाच्या तोंडावर, पाणी आत यायच्या वाटेवरच, सिमेंटची भिंत घालायला घेतली आहे, दोरी लावून, अगदी सरळ. आमच्यातल्या काहींनी संमतीच्या सह्या दिल्या, बाकीचे पाहत राहिलो. गेल्या पिठोरीला बायका वळणावर आल्या. माझी सून सगळ्यांत पुढे होती. तिने माझ्याकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं, आणि विचारलं, "आता तुमचे हात कुठं हायत?"