धोंडाईची तोटी

फार वर्षांपूर्वी, पाणी घरात येत नव्हतं, माणसंच पाण्याकडे जात होती, तेव्हा खडकझरीत धोंडाई नावाची कुंभारीण होती. तिला एकच लेक, सुली. डोंगरातल्या झऱ्यावरून घागर आणताना सुलीचा पाय कड्यावरून निसटला. नऊ वर्षांची होती.

धोंडाई रडली नाही, असं म्हणतात. चितेची राख तिनं मातीत मळली आणि चाकाला हात घातला. त्या दिवसापासून तिनं गाडगं घडवलं नाही की मडकं घडवलं नाही. घडवल्या त्या हातभर लांब, दोन्हीकडून उघड्या नळ्या. तीन उन्हाळे तिची भट्टी विझली नाही, असं म्हणतात. नळीत नळी बसवत तिनं झरा गावच्या पारापर्यंत आणला आणि शेवटाला चोचीसारखं तोंड बसवलं.

"आता आमच्या पोरी कडा चढायच्या नाहीत गं धोंडाई," बाया म्हणाल्या.

आठव्या दिवशी इनामदारानं त्या तोंडात चिंध्यांचा बोळा कोंबला. डोंगर त्याचा, म्हणून पाणी त्याचं. वर तुंबलेल्या पाण्यानं त्याचे हौद आधी भरायचे. पोरी पुन्हा घागरी घेऊन कड्याला लागल्या.

धोंडाई त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. "सरकार, बोळा काढा."

"जा, गाडगी घडव धोंडे. गावाला पाजायचं आम्ही बघू."

"माझ्या पोरीच्या गळ्यात बोळा घातलास तू."

सरकारचा 'तू' झाला तशी अंगणातली कबुतरं उडाली, असं म्हणतात.

"तिचा गळा आवळशील तोवर तुझ्या घरी तोटाच राहील. पाण्याचा तोटा!"

आणि झालंही तसंच. हौद भरावा तर तळाला भेग पडे. तांब्या ओठाशी न्यावा तर रिकामा. चौथ्या दिवशी इनामदार पाराशी आला, गुडघ्यांवर बसला आणि त्यानं स्वतःच्या हातानं बोळा उपसला. पाणी खिदळत बाहेर आलं. त्यानं ओंजळ पुढे केली.

"आधी पोरी," धोंडाई म्हणाली. "तू शेवटी."

त्या तोट्यावरून तोंडाचं नाव पडलं तोटी. पंडित शब्दाचं मूळ वेगळं सांगतील. खडकझरीला विचाराल तर हेच.

आता तिथे घरोघरी तोटी आहे. नवी बसवली की पहिली ओंजळ घरातल्या, नाहीतर शेजारच्या लहान मुलीची. घरचा कर्ता शेवटी. आणि कुणी तोटी करकचून आवळायला लागलं, की आतून म्हातारं कुणीतरी ओरडतंच,

"हळू! पोरीचा गळा आहे तो."