धूमकेशाचे अंगवस्त्र

एका राज्यात सगळे माग दगडाचे झाले होते. धूमकेश नावाच्या मांत्रिकाने धुक्याचे कापड आणले, मागाल तेव्हा आकाशातून उतरणारे. लोक हरखले, विणकर रिकामे बसले. मग त्याने शाप उच्चारला आणि गावोगावच्या मागांच्या शिळा झाल्या. थंडी पडली तसे धुक्याचे कापड अंगावरच विरले. पाळण्यातला राजपुत्रही कुडकुडू लागला.

विणकरांच्या गावात हौसाची तान्ही लेक गारठून निळी पडली. तिला सासूच्या कुशीत देऊन हौसा तडक धूमकेशाचा डोंगर चढली. वाटेत एक सुगरण पक्षीण तिच्या खांद्यावर येऊन बसली. म्हणाली, "मीही विणणारीच, बाई. सोबत येते."

धूमकेश गरजला, "तीन कामे कर, शाप उतरवीन. हरलीस तर तूही शिळा!"

"सांगा."

पहिले काम, वाऱ्याचे सूत कातायचे. सुगरणीने वाऱ्याचे टोक चोचीत पकडून दिले, हौसाने चाती फिरवली. सूत निघाले! दुसरे, ते उन्हात रंगवायचे. हौसाने कुंडात ऊन धरले, सूत बुडवले. हात पोळले, पण केशरी रंग पक्का बसला.

"आता मला अंगभर वस्त्र विण, सूर्य मावळायच्या आत," म्हणत धूमकेशाने एक माग जिवंत केला.

धोटा सळसळला. पण हौसा वीतभर विणी, तो धूमकेश हातभर वाढे! बघता बघता त्याचे डोके ढगांना टेकले. हौसाला घाम फुटला.

ती ओरडली, "तुमचे अंग वाढते, तर माझे मागही वाढू द्या!"

"घे सगळे!" तो खदाखदा हसला. "विणणारे हात उरलेत कुठे?"

खाली गावात शिळा थरारल्या, लाकडाच्या झाल्या. सुगरण सुताचे टोक घेऊन दारोदार उडाली. म्हाताऱ्यांनी धूळ झटकली, सुनांनी पदर खोचले, आणि खटाक्-खट्, खटाक्-खट्, सारा डोंगर दणाणला! पट्ट्यांवर पट्ट्या वर आल्या, शिवण पडत गेली. सूर्य अर्धा बुडाला असताना गावाने ते वस्त्र दोरखंडांनी ओढून धूमकेशावर चढवले, माथ्यापासून टाचेपर्यंत.

धूमकेशाने वस्त्र अंगाशी गच्च लपेटून घेतले.

"ऊब... अशी असते?" तो पुटपुटला आणि आकसत आकसत साधा म्हातारा होऊन बसला. शाप कायमचा सुटला.

त्याच वस्त्रातून राजपुत्राला दुलई झाली, हौसाच्या लेकीलाही. राज्यात पुन्हा दारोदारी माग वाजू लागले.

एका सकाळी म्हातारा हौसाच्या उंबऱ्याशी आला. "बाई, मला काही काम?"

हौसाने त्याला नीट न्याहाळले, मग सरकून जागा केली.

"बसा. कांड्यांवर सूत भरा. आणि सूत तुटले तर मंत्र नको, गाठ मारा."