तांबटाच्या ढोलीचा झुला

पाखरं आपसात घरांचे सौदे करीत, तेव्हाची गोष्ट. तांबट पक्ष्याची ढोली पाहायला साळुंकी गेली आणि दाराशी लोंबणाऱ्या गुळवेलीच्या झुल्यातच तिचा जीव अडकला. तांबटाने तिला पिकलं उंबर खाऊ घातलं. झोके घेत ती म्हणाली, "दादा, माझी उंबराची फांदी तुम्हाला, ही ढोली मला."

साक्षीला बसलेला राघू हळूच म्हणाला, "पोरी, मागे काय काय राहणार ते विचार."

"ज्यांच्या घरचं खाल्लं, त्यांना असं कसं विचारू, मामा?"

ती राहायला आली तेव्हा झुला गेलेला होता. तांबट म्हणाला, "ठरली होती ती ढोली दिली की! झुल्याचं कोण बोललं?" राघूने मान खाली घातली.

साळुंकीने नवी वेल चढवून झुला केला, पण रोज संध्याकाळी तिला तो पहिलाच झुला आठवे.

पुढे ती ढोली पाहायला दयाळ पक्ष्याची मादी, दयाळीण आली. साळुंकीने उंबर पुढे केलं. दयाळीण वेलीकडे बघून नुसतीच लाजली.

"खा गं, पण आधी विचार," साळुंकी म्हणाली. "झुला राहणार का, हा प्रश्न एकदा कुणाच्या तरी तोंडून मला ऐकायचाय."